सीआयएसमध्ये २० टक्के कापतात, ग्रॉस पेमेंट मिळवायला नक्की काय लागतं?

टाइल्स_आणि_मी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी इंग्लंडमध्ये स्लाऊला असतो, टाइलिंग आणि बाथरूम फिटिंग करतो, स्वतःच्या नावावर, सोल ट्रेडर, लिमिटेड कंपनी वगैरे काही नाही. आधीच्या वर्षी निम्मी कामं लोकांच्या घरची होती, ती माणसं काम संपलं की पूर्ण पैसे हातावर ठेवतात, विषय संपला. पण आता वर्षभर एकाच मोठ्या ठेकेदाराकडे साइटवर आहे आणि तो प्रत्येक बिलातून २० टक्के कापून उरलेले टाकतो. मला माहितीये की हे कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री स्कीमचं, म्हणजे सीआयएसचं आहे, पैसे एचएमआरसीकडे (इथलं टॅक्स खातं) माझ्याच नावावर जमा होतात, वर्षाच्या शेवटी हिशोब होतो, सगळं मान्य. पण तोपर्यंत मी काय करू, सामान मी माझ्या खिशातून आणतो, व्हॅनचा हप्ता आहे, डिझेल आहे आणि दर महिन्याला खातं रिकामं.

गेल्या १२ महिन्यांची बिलं काल रात्री बसून मोजली, एकूण ५१,६०० पौंड, त्यातलं सामान १६,४०० चं. कापलेले पैसे झाले ८,३५०. हा आकडा बघून झोप उडाली.

साइटवर एक पोलिश इलेक्ट्रिशियन आहे त्याला पूर्ण पैसे मिळतात, म्हणे त्याच्याकडे ग्रॉस पेमेंट स्टेटस आहे. तर मला कोणी सांगेल का की हे मिळायला काय लागतं, ३०,००० ची काहीतरी अट आहे असं ऐकलंय ती सामान धरून की सोडून, आणि दुसरं म्हणजे या वर्षी ३१ जानेवारीचा टॅक्स मी १९ दिवस उशिरा भरला होता (आधीच्या वर्षाचा, घरच्या कामांमुळे भरायचा निघाला होता), त्यामुळे माझा पत्ता कट झाला का? यूटीआर (टॅक्सचा नंबर) आहे, सीआयएसमध्ये सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून नोंदणी आहे, व्हॅटमध्ये नाही.

ढोबळ_हिशोब

भाऊ एवढं कशाला डोकं लावतोस, ठेकेदाराला गाठ आणि सांग की माझे कापू नको मी माझं बघून घेईन. तुझ्यावर वर्षभर विश्वास बसला असेल तर ऐकेल की. नाहीतर थोडं कॅशमध्ये घे, सगळे घेतात.

गवंडी_काका

ढोबळ, तुझं नाव बरोबर ठेवलंयस. ठेकेदाराच्या हातात ते नसतंच रे. तुला पहिल्यांदा काम देताना तो एचएमआरसीकडे तुझा यूटीआर टाकून व्हेरिफाय करतो आणि तिकडून उत्तर येतं की याचे २० कापा, ३० कापा नाहीतर काहीच कापू नका. नोंदणी असेल तर २०, नसेल किंवा सापडलाच नाही तर ३०, आणि ग्रॉसवाला असेल तर शून्य. त्याने दोस्तीखात्यात कापले नाहीत तर ते पैसे त्याच्याकडून वसूल होतात. कोणता ठेकेदार तुझ्यासाठी स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेईल?

आणि कॅशचं म्हणशील तर ज्याला ग्रॉस पाहिजे त्याने ते नावही काढू नये. धंदा बँकेच्या खात्यातून चालतो ही पहिली अट आहे.

आमच्या वेळी कार्डं असायची. २००७ च्या एप्रिलच्या आधी. ज्याचे कापायचे त्याचं एक कार्ड आणि ग्रॉसवाल्याचं वेगळं, फोटोसकट, ते साइटच्या ऑफिसात दाखवायचं, तो कारकून फोटोकडे बघणार, तुझ्याकडे बघणार, परत फोटोकडे बघणार. माझा फोटो मिशीवाला होता आणि नंतर मिशी काढली, तर एकाने मला अर्धा तास उभं केलं होतं 😄 आता सगळं कॉम्प्युटरवर, तुम्ही लोक सुखी आहात.

वहीखाते_ताई

मी हॅरोला एका छोट्या अकाउंटंटच्या ऑफिसात बिल्डर लोकांची खाती बघते, रोजचाच विषय आहे म्हणून जरा लांब लिहिते.

अटी तीन आहेत. पहिली काकांनी सांगितली, काम इथलं बांधकामाचं पाहिजे आणि व्यवहार बँकेतून. दुसरी उलाढालीची, सोल ट्रेडरला गेल्या १२ महिन्यांत ३०,००० पौंड आणि हे सामान आणि व्हॅट सोडून. म्हणजे तुमचे ५१,६०० धरायचे नाहीत, त्यातून १६,४०० वजा करा, ३५,२०० राहतात. पास आहात. फार वर नाही पण पास. इथे खूप लोक फसतात, ४५ हजाराची बिलं घेऊन येतात आणि म्हणतात ताई अर्ज टाका, बघावं तर त्यातले २० हजार बॉयलर आणि रेडिएटरचे. डिझेल, व्हॅनचा हप्ता, विमा हे मात्र यातून वजा करायचं नसतं, ही उलाढाल आहे, नफा नाही.

तिसरी अट वेळेची आणि खरी मेख तिथेच आहे. गेल्या १२ महिन्यांत तुमची सगळी रिटर्न्स आणि सगळे टॅक्स वेळेवर गेलेले पाहिजेत. थोडी सूट आहे. सेल्फ असेसमेंटचा (आपण स्वतः भरतो त्या वार्षिक टॅक्सचा) भरणा एकदा उशिरा झालेला चालतो, २८ दिवसांच्या आत असेल तर. तुमचे १९ दिवस आणि तेही एकदाच, त्यामुळे तेवढ्यावरून नाही म्हणणार नाहीत. पण ती सूट वापरून झाली हे लक्षात ठेवा, येत्या ३१ जानेवारीला एक दिवसही इकडेतिकडे नको.

आता मला एक सांगा, ८,३५० कापले म्हणता तो आकडा मला खटकतोय. ३५,२०० चे २० टक्के ७,०४० होतात. वरचे १,३०० कुठून आले? बिल कसं लिहिता तुम्ही?

आणि दुसरं, वर्षभरात कोणाला हाताखाली घेतलं होतं का?

टाइल्स_आणि_मी

ताई खूप धन्यवाद, जीवात जीव आला. बिल म्हणजे काय बऱ्याचदा साधंच असतं, आत्ता फोनमधलं शेवटचं बघून लिहितो, "प्लॉट १४ एन्सुट कम्प्लीट, १,४५० पौंड" एवढंच (एन्सुट म्हणजे बेडरूमला जोडलेलं बाथरूम). त्यात ॲडेसिव्ह, ग्राउट, बॅकर बोर्ड, ट्रिम असं ३९० चं सामान माझं होतं. त्याने २९० कापून १,१६० पाठवले.

हाताखाली तसं कोणी नाही. सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये काम खूप होतं तेव्हा एका ओळखीच्या प्लॅस्टरवाल्याला बोलावलं होतं, त्याला सगळे मिळून २,३०० दिले, बँकेतून ट्रान्सफर केले, कॅश नाही. तो खर्चात दाखवणारच आहे. का?

वहीखाते_ताई

बिलाचं आधी सांगते, ते सोपं आहे. १,४५० मधून सामानाचे ३९० काढले की मजुरी १,०६०, त्याचे २० टक्के २१२. तुमचे २९० गेले, म्हणजे एका एन्सुटमागे ७८ पौंड जास्तीचे. चूक ठेकेदाराची नाही हो, तुम्ही एका ओळीत सगळं गुंडाळलंत तर त्याने सामान किती ते ओळखायचं कसं. पुढच्या बिलापासून दोन ओळी करा, मजुरी वेगळी, सामान वेगळं, सामानाच्या पावत्या जपून ठेवा, तो मागू शकतो. तुम्ही व्हॅटमध्ये नाही म्हणून दुकानात भरलेला व्हॅटसुद्धा सामानाच्या किमतीत धरायचा, तो तुम्हाला परत मिळत नाही ना. भाड्याने आणलेलं टाइल कटर असेल तर ते भाडंही बाहेर काढता येतं, पण स्वतःचं मशीन असेल तर नाही. आणि पार्किंग, जाण्यायेण्याचा खर्च बिलात लावत असाल तर त्यावर कापणारच.

म्हणजे ग्रॉस मिळो न मिळो, नुसतं बिल नीट लिहिलं तरी वर्षाला हजार दीड हजार पौंड तुमच्या खात्यात लवकर येतील. बुडालेले नाहीत, ८,३५० सगळे तुमच्या रिटर्नमध्ये धरले जातील, फक्त त्यासाठी ठेकेदाराने दिलेली कपातीची स्टेटमेंट सगळी हवीत. सीआयएसचा महिना ६ तारखेला सुरू होऊन पुढच्या ५ ला संपतो आणि तिथून १४ दिवसांत त्याने ते द्यायचंच असतं.

आता प्लॅस्टरवाला. बसून वाचा.

तो स्वतःच्या धंद्यावर आहे, तुम्ही त्याला बांधकामाच्या कामाचे पैसे दिलेत, म्हणजे त्या व्यवहारात ठेकेदार तुम्ही झालात आणि तो तुमचा सबकॉन्ट्रॅक्टर. तुम्ही कितीही छोटे असलात तरी. त्याला पैसे द्यायच्या आधी तुम्ही ठेकेदार म्हणून वेगळी नोंदणी करायला हवी होती, त्याला व्हेरिफाय करायला हवं होतं, त्याचे कापून एचएमआरसीला भरायला हवे होते आणि दर महिन्याचं रिटर्न १९ तारखेपर्यंत टाकायला हवं होतं. हे केलं नसेल तर तिसऱ्या अटीत तुम्ही जानेवारीच्या १९ दिवसांमुळे नाही, याच्यामुळे अडकाल.

टाइल्स_आणि_मी

बाप रे. मी आणि ठेकेदार??

ढोबळ_हिशोब

कोणाला कळणार आहे २,३०० पौंडाचं. खर्चात टाक आणि गप्प बस.

वहीखाते_ताई

सेल्फ असेसमेंटच्या मोठ्या फॉर्ममध्ये "सबकॉन्ट्रॅक्टरला दिलेले पैसे" असा बांधकामवाल्यांसाठी वेगळा रकानाच आहे. तिथे २,३०० लिहायचे आणि ठेकेदार म्हणून नोंदणी नाही, म्हणजे आपणच आपली तक्रार लिहून देतोय. लिहिले नाहीत तर खर्च गेला. शिवाय तो प्लॅस्टरवाला त्याच्या रिटर्नमध्ये काय लिहितो ते तुमच्या हातात नाही. ग्रॉसचा अर्ज म्हणजे "या आणि माझी सगळी खाती तपासा" असं स्वतःहून आमंत्रण देणं आहे, ते द्यायच्या आधी घर झाडून घ्यावं.

लीड्सचा_वायरमन

ताई म्हणतायत त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, मी ग्रॉस मिळवून घालवलेला माणूस आहे त्यामुळे माझं ऐका. लिमिटेड कंपनी आहे माझी, चार पोरं हाताखाली. ग्रॉस मिळालं त्या दिवशी घरी पेढे वाटले होते (खरंच, बायकोने मावा आणून केले). मला वाटलं आता झालं, एकदा मिळालं की मिळालं. तर तसं नसतं, ते दरवर्षी आपोआप तपासतात, तुम्हाला सांगतही नाहीत, सगळं नीट असेल तर कळतसुद्धा नाही तपासलं म्हणून.

माझं काय झालं, धंद्याचं खातं एका बँकेतून दुसरीकडे हलवलं, पोरांच्या पगाराचा टॅक्स आणि सीआयएसचे पैसे दर महिन्याच्या २२ तारखेला जायचे त्याची व्यवस्था नवीन खात्यावर लावायची राहिली. पहिल्या महिन्यात लक्षात आलं, चार दिवस उशिरा हाताने भरले. मग म्हटलं आता दर महिन्याला हातानेच भरतो, काय त्यात, आणि आमच्यासारखा साइटवर दिवसभर वायर ओढणारा माणूस २२ तारीख कुठे लक्षात ठेवतो. असं करत करत वर्षात चार वेळा उशीर झाला, कधी तीन दिवस कधी आठ दिवस. रक्कम सगळी भरलेली, एक पेनी बाकी नाही. पण सूट आहे ती तीन वेळांची, प्रत्येक वेळी १४ दिवसांच्या आत. चौथा झाला आणि पत्र आलं.

पत्रात लिहिलेलं असतं की ९० दिवसांनी स्टेटस काढून घेतोय, अपील करायचं तर ३० दिवसांत. मी अपील केलं, कारण काय लिहिलं तर बँक बदलली. पहिल्या महिन्यासाठी कदाचित ते कारण चाललं असतं, पुढच्या तीन महिन्यांसाठी काय सांगणार, मी विसरभोळा आहे? नाही टिकलं. त्यानंतर वर्षभर परत अर्ज करता येत नाही. ते एक वर्ष आमचं असं गेलं की २० टक्के कापून येणार आणि पोरांचे पगार तर पूर्ण द्यायचे, म्हणजे मधली फट मी माझ्या घरातून भरत होतो. कंपनी असली की कापलेले पैसे दर महिन्याच्या पगाराच्या टॅक्समधून वळते करता येतात तेवढाच दिलासा, पण आमचे कापलेले जास्त होते, उरलेले ५ एप्रिलनंतर मागायचे.

आणि हो, २०२४ च्या ६ एप्रिलपासून व्हॅटही यात धरतात. आधी व्हॅटचं रिटर्न उशिरा गेलं तर ग्रॉसला धक्का लागत नव्हता, आता लागतो. व्हॅटमध्ये असणाऱ्यांनी हे लिहून ठेवा.

दोन_डायरेक्टर

आमची पण गंमत सांगतो. माझा ड्रायलायनिंगचा धंदा, कंपनी काढली तेव्हा मित्राने सल्ला दिला की बायकोला डायरेक्टर कर, टॅक्स वाचतो. केली. मग ग्रॉसचा अर्ज करायला बसलो तेव्हा कळलं की कंपनीला ३०,००० हे प्रत्येक डायरेक्टरमागे लागतात (थोड्या माणसांच्या हातातली कंपनी असेल तर शेअरवाले पण मोजतात), म्हणजे आम्हाला ६०,०००. नाहीतर पूर्ण कंपनीचे १,००,००० तरी. आमची मजुरी तेव्हा ५२,००० होती. सोल ट्रेडर राहिलो असतो तर हसत हसत पास झालो असतो. बायको अजून ऐकवते, म्हणते मला न विचारता डायरेक्टर केलंस आणि आता माझ्यामुळे अडलं म्हणतोस 😂

गवंडी_काका

सूनबाईचं बरोबर आहे.

केंटचा_सुतार

मला एक कळत नाही, हा ग्रॉसचा एवढा हव्यास कशाला? माझे गेली सहा वर्षं २० टक्के कापतात, मे महिन्यात रिटर्न भरतो, परतावा येतो, त्यात भारतवारीची तिकिटं निघतात. सक्तीची बचत आहे ती. हातात आले असते तर उडवले असते.

वहीखाते_ताई

सुतारदादा तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाहीये, आणि टाइल्सभाऊंनी हा हिशोब बघितल्याशिवाय अर्ज करू नये म्हणून आकडे मांडून दाखवते.

धरा की ३५,२०० मजुरीतून व्हॅन, डिझेल, विमा, हत्यारं, प्लॅस्टरवाला मिळून ९,२०० खर्च गेला. नफा २६,०००. त्यातले १२,५७० टॅक्समुक्त. राहिले १३,४३०, त्यावर २० टक्क्यांनी २,६८६ इन्कम टॅक्स आणि ६ टक्क्यांनी ८०६ नॅशनल इन्शुरन्स. एकूण ३,४९२. आणि तुमचे कापले किती, ८,३५०. म्हणजे जवळजवळ ४,८५० पौंड परत येतील. तुम्ही सरकारला बिनव्याजी उसने दिल्यासारखेच आहेत ते, मला तरी ही बचत वाटत नाही, पण ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याला सोयीची आहे हे मान्य.

आता ग्रॉस झालात असं समजा. टॅक्स एक पेनीने कमी होत नाही, तेच ३,४९२. फक्त ते आता कोणी कापत नाही, तुम्ही बाजूला ठेवायचे. आणि इथे एक खड्डा आहे जो कोणी सांगत नाही. कापलेल्या पैशांतून बहुतेक टॅक्स आधीच गेलेला असतो म्हणून सीआयएसवाल्यांना आगाऊ हप्ते लागत नाहीत. ग्रॉस झालात की लागतात. म्हणजे ग्रॉसचं पहिलं पूर्ण वर्ष संपल्यावर जी ३१ जानेवारी येईल तेव्हा मागच्या वर्षाचे ३,४९२ आणि वर चालू वर्षाचा अर्धा हप्ता १,७४६ असे एकदम ५,२३८ भरायचे. मग ३१ जुलैला आणखी १,७४६. आमच्याकडे दर जानेवारीत एक तरी माणूस असा येतो, नवीन व्हॅन घेऊन आलेला, आणि हा आकडा ऐकून खुर्चीत बसतो. आणि पैसे नाहीत म्हणून उशीर झाला की परत तिसरी अट, परत ग्रॉस जायची भीती.

म्हणून ग्रॉस घ्यायचं तर दुसरं खातं उघडा, प्रत्येक बिल आलं की मजुरीचे १५ टक्के तिकडे सरकवा आणि त्या खात्याचं कार्ड घरी ठेवा.

लीड्सचा_वायरमन

कार्ड बायकोकडे ठेवा. घरी ठेवलेलं सापडतं.

टाइल्स_आणि_मी

सगळ्यांचे मनापासून आभार. हप्त्यांचं तर मला स्वप्नात पण माहीत नव्हतं, मी पण नवीन व्हॅनच बघत होतो 🙈

ताई आता त्या प्लॅस्टरवाल्याचं काय करू ते सांगा. पाय घसरला खरा पण मुद्दाम नाही केलं. तो खोलीमागे भाव ठरवून आला होता, स्वतःची हत्यारं, स्वतःचा हॉक ट्रॉवेल, मी फक्त प्लॅस्टर आणून दिलं. त्याला मी फोन केला तर म्हणतो माझा यूटीआर आहे, मी टॅक्स भरतो, तू काळजी करू नको.

वहीखाते_ताई

खोलीमागे भाव आणि स्वतःची हत्यारं हे बरं झालं, रोजावर तुमच्या वेळेने तुमच्या हत्यारांनी राबला असता तर तो तुमचा नोकर ठरतो का हा निराळाच गुंता झाला असता.

आता असं करा. ठेकेदार म्हणून नोंदणी आजच टाका. त्याचा यूटीआर, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पूर्ण नाव लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल, आणि तो सीआयएसमध्ये सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून नोंदलेला आहे का ते विचारा, यूटीआर असणं आणि सीआयएसची नोंदणी असणं वेगळं. मग सप्टेंबर ऑक्टोबरमधले पैसे ज्या ज्या सीआयएस महिन्यात बसतात तेवढी रिटर्न्स उशिरा का होईना टाका. दंड येईल, एका रिटर्नला १०० पासून सुरुवात आणि दोन महिने उलटले की वर २००, त्यामुळे "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणू नका. जे कापायला हवे होते, २० टक्क्यांनी ४६०, ते कायद्याने तुमच्याकडून मागू शकतात. पण त्याने ते उत्पन्न स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवून टॅक्स भरला असेल तर तसं लेखी दाखवून "हे माझ्याकडून घेऊ नका" अशी विनंती करता येते, त्याला रेग्युलेशन ९ म्हणतात. त्याच्या नुसत्या तोंडी "काळजी करू नको" वर ती मंजूर होत नाही.

ग्रॉसचा अर्ज मात्र सध्या थांबवा. रिटर्नच्या उशिराला सूट आहे ती २८ दिवसांपर्यंतची, तुमची त्याच्या बाहेर गेलीत. आत्ता अर्ज टाकला तर नकार येईल. हे निस्तरा, पुढचे १२ महिने सगळं तारखेला करा आणि मग टाका. अर्ज ऑनलाइन टाकता येतो, गव्हर्नमेंट गेटवेच्या (सरकारी वेबसाइटच्या) लॉगिनमधून. मंजूर झाला की ठेकेदाराला तिकडूनच कळवतात, तुम्ही त्याला पत्र दाखवत फिरायची गरज नाही.

दोन_डायरेक्टर

आणि त्या १२ महिन्यांत सामान वजा करून ३०,००० च्या खाली जाऊ नको म्हणजे झालं. सामान ठेकेदाराला आणायला सांगितलंस तर उत्तम, उलाढालीची अट फक्त मजुरीवर आहे, तुझा पैसा सामानात अडकणं पण थांबेल.

केंटचा_सुतार

हे मात्र भारी सांगितलंत. मी पण उद्यापासून प्लायवूड त्यालाच आणायला लावतो. आणि माझं पण एक विचारायचंय, मी भाच्याला शनिवारी मदतीला नेतो आणि २०० देतो, मी पण ठेकेदार का?

वहीखाते_ताई

सुतारदादा 🤦‍♀️ नवीन धागा काढा.

टाइल्स_आणि_मी

अपडेट देतो. ठेकेदार म्हणून नोंदणी टाकली. प्लॅस्टरवाल्याला चार मेसेज केले तेव्हा यूटीआर आला, सीआयएसमध्ये नोंद आहे म्हणतो, गेल्या तीन वर्षांपासून, व्हेरिफाय केल्यावर कळेलच. रेग्युलेशन ९ साठी त्याच्या रिटर्नची कॉपी मागितली तर म्हणतो जानेवारीत भरणार आहे, तेव्हा देतो. म्हणजे आता याच्या ३१ जानेवारीची काळजी पण मलाच.

साइटवर ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो, तिथल्या बाईंना दोन ओळींचं बिल दाखवलं, मजुरी १,०६०, सामान ३९०, पावत्या पिनने लावून. त्या म्हणाल्या वर्षभर हेच मागत होते तुझ्याकडे, ईमेल केले होते. बघितलं तर खरंच तीन ईमेल पडलेत, जंक फोल्डरमध्ये. या वेळी २१२ कापले.

गवंडी_काका

बाकीची स्टेटमेंट पण त्याच जंकमध्ये असतील बघ.

टाइल्स_आणि_मी

काका, आहेत. अकरा.